रिपोर्टमध्ये विषाणू सापडत नाही, मग गोळ्या कशाला?

सूक्ष्मदर्शी | शनिवार, सकाळी १०.१२

गेल्या आठवड्यात औषधांच्या किमतींवरच्या धाग्यात अनामिक_४७ यांनी मध्येच एक प्रश्न टाकला होता. सात वर्षं एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या चालू आहेत, जवळपास दरवेळी व्हायरल लोडच्या रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' (टीएनडी, म्हणजे विषाणू सापडला नाही) येतं, मग गोळ्या घ्यायच्या तरी कशासाठी? त्यावर 'डॉक्टर सांगतात म्हणून' असं एका ओळीचं उत्तर आलं आणि चर्चा परत जीएसटीवर गेली. मला ते झोंबलं. सात वर्षं रोज गोळी घेणाऱ्या माणसाला याहून बरं उत्तर मिळायला हवं, म्हणून हा वेगळा धागा.

आधीच सांगते, मी प्रयोगशाळेत विषाणूंवर काम करते, पेशंट तपासत नाही. डोस, साइड इफेक्ट वगैरे मला विचारू नका.

तर रिपोर्ट. व्हायरल लोडसाठी रक्त घेतलं की ते गरागरा फिरवून पेशी खाली बसवतात आणि वरचा पिवळसर प्लाझ्मा तेवढा तपासायला घेतात. त्यात विषाणूचा आरएनए किती, एवढंच मशीन मोजतं. खाली बसलेल्या पेशींच्या पोटात काय आहे ते या तपासणीत कुणी बघतच नाही. आणि सगळी गंमत (गंमत कसली म्हणा) तिथेच आहे.

एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस. प्रतिकारशक्तीच्या सीडी फोर पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएवरून डीएनएची प्रत काढतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रात शिवून टाकतो. माणसाच्या ३०० कोटींहून जास्त अक्षरांच्या पोथीत ही साधारण ९,७०० अक्षरांची भर. एकदा शिवली की ती शोधून उसवायची सोय पेशीकडे नाही. एका पेशीच्या दोन झाल्या, तर दोघींकडे तीच पोथी, भरीसकट.

अशा बहुतेक पेशी विषाणूचा कारखाना बनतात आणि दोनेक दिवसांत मरतात. पण मोजक्या काही पेशी त्या वेळी लढाई आटोपून विसाव्याला निघालेल्या असतात. त्यांच्या स्मृतिपेशी होणार असतात. नेमक्या त्या वळणावर विषाणू आत शिरला तर पेशी झोपते आणि तिच्याबरोबर तोही गप्प होतो. गप्प होण्यात त्याची काही चलाखी नाही. स्वतःचे जनुक वाचायला त्याला पेशीचीच प्रथिनं उसनी घ्यावी लागतात. त्यांतलं एक, एनएफ-कप्पा-बी, झोपलेल्या पेशीत केंद्रकाच्या बाहेर अडकवून ठेवलेलं असतं. वाचन पुढे रेटणारं पी-टीईएफबी तिथे जेमतेमच असतं. विषाणूचं स्वतःचं टॅट नावाचं प्रथिन या कामाला जबरदस्त वेग देतं, पण थोडं तरी वाचन झाल्याशिवाय टॅटच तयार होत नाही. चुलीवर फुंकर मारायला फुंकणी आहे, पण निखाराच नाही. विषाणूचं एकही प्रथिन बनत नाही म्हणजे पेशीच्या अंगावर त्याची खूण नाही, आणि खूण नाही म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लेखी ती चारचौघींसारखी पेशी.

गोळ्या इथे काय करतात? सरकारी एआरटी सेंटरवर आता बहुतेकांना टीएलडी मिळते. तिच्यातली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन औषधं डीएनएची प्रत काढू देत नाहीत, तिसरं डोल्युटेग्राविर ती शिवू देत नाही. म्हणजे तिन्ही औषधं *नव्या* पेशीत होणारं काम अडवतात. जिथे शिवण घालून पाच वर्षं झाली, तिथे त्यांना करायला काही उरलेलंच नाही.

हे सुरुवातीपासून माहीत होतं असं नाही. १९९६ साली व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधं एकत्र दिल्याचे निकाल आले आणि सगळे हरखून गेले. डेव्हिड हो आणि ऍलन पेरेलसन यांच्या गटाने १९९७ च्या मे महिन्यात गणित मांडलं की उपचार पूर्ण कडेकोट असतील तर २.३ ते ३.१ वर्षांत विषाणू संपायला हवा. तेव्हा त्यांनी मोजलेल्या पेशींपुरतं ते गणित बरोबरच होतं. पण त्याच वर्ष अखेरीस तीन गटांनी, बाल्टिमोरचा रॉबर्ट सिलिसियानो यांचा, सॅन दिएगोचा आणि अँथनी फाउची यांचा, जवळपास एकाच वेळी तोच प्रयोग करून दाखवला. रक्तात विषाणू सापडत नाही अशा माणसांच्या झोपलेल्या सीडी फोर पेशी वेगळ्या काढल्या आणि प्रयोगशाळेत त्यांना डिवचलं. विषाणू बाहेर आला. धडधाकट. साधारण १० लाख पेशींत एक.

पुढे मोजलं तेव्हा अशा झोपलेल्या बाधित पेशींचा हा साठा निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात असं दिसलं. आता कागद-पेन्सिल घ्या. साठ्यात १० लाख पेशी धरल्या तर शेवटच्या पेशीपर्यंत यायला तो २० वेळा निम्मा व्हायला हवा. २० गुणिले ४४ म्हणजे ८८० महिने. ७३ वर्षांहून थोडं जास्तच. 'आयुष्यभर गोळ्या' हे वाक्य या गुणाकारातून आलंय.

आता माझं मत. या विषयावर लिहिणारे सगळे 'विषाणू दडून बसला आहे' असं लिहितात. मला ते पटत नाही. दडून बसायला अक्कल लागते. लहानपणी टोचलेली लस चाळीस वर्षांनी उपयोगी पडते, कारण स्मृतिपेशी इतकी वर्षं टिकतात. तेच तर त्यांचं काम. वयस्कर मंडळींच्या दंडावर देवीच्या लशीचा वण असतो ना, त्या लशीच्या स्मृतिपेशी कित्येक दशकांनंतरही रक्तात सापडल्या आहेत. एचआयव्ही चुकून अशा चिवट पेशीत जाऊन पडला. त्याला आपलं शरीरच सांभाळतंय, अगदी इमानेइतबारे.

---

उंबर | शनिवार, सकाळी ११.०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण एक शंका. लागण झाल्यावर आठ-दहा वर्षं काही लक्षणं नसतात, तोच हा झोपलेला काळ ना? आम्हाला कॉलेजात 'लेटंट पिरियड' असंच शिकवलं होतं.

---

सूक्ष्मदर्शी | शनिवार, सकाळी ११.३०

उंबर, बरं झालं विचारलंत, हा घोळ पाठ्यपुस्तकांनीच घातलाय. त्या आठ-दहा वर्षांत *माणूस* निवांत असतो, विषाणू नाही. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणूकण तयार होतात आणि जवळपास तेवढेच नष्ट होतात, हे १९९६ मध्ये मोजलं गेलंय. नळ आणि मोरी दोन्ही पूर्ण उघडी, म्हणून बादलीतली पातळी हलत नाही. मी लिहिलं ते वेगळं. एकेक पेशी झोपलेली असते आणि ती औषधं चालू असतानाही झोपलेलीच राहते.

'विंडो पिरियड' हे तिसरंच प्रकरण. लागण झाली आहे पण तपासणीत अजून दिसत नाही असा सुरुवातीचा काळ. त्याचा या धाग्याशी संबंध नाही.

---

बांधावरून | शनिवार, दुपारी १.४८

शास्त्र कळत नाही, शेती कळते. तुम्ही सांगताय ते ऐकून लव्हाळा आठवला. आमच्या उसात दरवर्षी तणनाशक मारतो. वरचं पान पिवळं पडून जातं, रान स्वच्छ दिसतं. पाणी दिलं की तीन आठवड्यांत पुन्हा हिरवंगार. जमिनीत गाठी असतात. ज्या गाठीला कोंब आहे तिच्यापर्यंत औषध पोचतं, जी झोपलेली आहे तिला काही होत नाही. वरून बघणारा म्हणतो, शेत साफ आहे. तसंच का?

---

सूक्ष्मदर्शी | शनिवार, दुपारी २.२०

दादा, इतकं चपखल उदाहरण मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आणि तीन आठवडे म्हणालात, तेही जुळतं. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांच्या रक्तात विषाणू दोन ते चार आठवड्यांत परत दिसू लागतो.

एक विचारते. लव्हाळ्याची एक गाठ जमिनीखाली आपली आपण वाढते का? म्हणजे बी न पडता?

---

बांधावरून | शनिवार, दुपारी २.४१

बी कसलं! एका गाठीतून दोरा निघतो, त्याला दुसरी गाठ, तिला तिसरी. माळच्या माळ. उपटायला गेलं तर दोरा तुटतो आणि गाठी खालीच राहतात. फाळाने तुकडे झाले तर आणखी पसरतं.

---

सूक्ष्मदर्शी | शनिवार, दुपारी ३.३५

मग हे वाचाच, कारण गेल्या दहा-बारा वर्षांतला मोठा शोध हाच आहे.

आधी सगळे धरून चालले होते की साठा टिकतो कारण प्रत्येक पेशी फार वर्षं जगते. ते अर्धंच खरं. स्मृतिपेशी अधूनमधून विभागतात, तशीच त्यांची संख्या राखली जाते. पेशी विभागली की तिच्यातला विषाणूचा डीएनए आपोआप दुप्पट. नवा विषाणू बनला नाही, नवी पेशी बाधित झाली नाही, म्हणजे औषधाला मध्ये पडायला जागाच नाही. बी न पडता गाठींची माळ!

हे कळलं कसं? विषाणूचा डीएनए गुणसूत्रात कुठेही शिवला जाऊ शकतो. दोन पेशींत तो अगदी त्याच अक्षरापाशी सापडणं योगायोगाने जवळपास अशक्य. २०१४ मध्ये दोन गटांनी औषधं घेणाऱ्यांच्या पेशींमधल्या या शिवणीच्या जागा मोजल्या, आणि कित्येक पेशींत जागा हुबेहूब एकच निघाली. म्हणजे त्या सगळ्या एकाच आईच्या लेकी. काही वेळा ती जागा बाख-टू किंवा एमकेएल-टू अशा, पेशीच्या वाढीशी नातं असलेल्या जनुकांच्या आत होती. शिवण तिथे पडल्यामुळेच पेशी फोफावली असावी.

पण बहुतेक माळा वाढतात त्या साध्याच कारणाने. ज्या जंतूची आठवण ती पेशी ठेवते तो जंतू पुन्हा भेटतो. सायटोमेगॅलोव्हायरस घ्या. आपल्याकडे जवळपास प्रत्येक प्रौढाच्या अंगात तो आयुष्यभर असतो आणि त्याला ओळखणाऱ्या सीडी फोर पेशींना सारखं काम पडतं. त्यांच्यातली एखादी एचआयव्ही घेऊन फिरत असेल, तर तीही कामाला लागते आणि वाढते. शत्रू एक, आणि फावतं दुसऱ्याचं.

अवांतर: साठ्यातला ९० टक्क्यांहून जास्त डीएनए मोडका असतो. मोठे तुकडे गळालेले, चुका भरलेल्या. त्यातून विषाणू कधीच बनणार नाही. त्यामुळे नुसता डीएनए मोजला तर साठा फुगलेला दिसतो. उलट पेशी डिवचून मोजावं, तर एकदा डिवचून सगळ्या जागत नाहीत. २०१३ मध्ये सिलिसियानोंच्या गटाने न जागलेल्या पेशींतला डीएनए अक्षर अक्षर वाचला, तेव्हा त्यात साबूत विषाणूही सापडले. त्यावरून खरा साठा डिवचून मोजलेल्याच्या ६० पट असू शकतो असा त्यांचा अंदाज आला. पुढे त्याच पेशी पुन्हा डिवचल्यावर आणखी काही जागल्या. तुमच्या सगळ्या गाठींना एकाच पावसात कोंब फुटतो का, दादा?

---

बांधावरून | शनिवार, दुपारी ४.०२

नाही. तोच तर वैताग.

---

पेठकर | शनिवार, संध्या. ६.१५

एवढं लांबण लावायची गरज नव्हती. रोगी बरा झाला तर गोळ्या कोण घेणार? कंपन्यांना आयुष्यभराचं गिऱ्हाईक हवंय. साठा-बिठा सगळा बहाणा.

---

तिरफळ | शनिवार, संध्या. ७.३०

पेठकर, माझं मडगावात औषधांचं दुकान आहे, त्यामुळे कंपन्यांबद्दल माझ्याकडून चांगलं ऐकायला मिळणार नाही. पण हिपॅटायटिस सीचं काय करता? तोही जुनाट विषाणू, वर्षानुवर्षं अंगात राहणारा. २०१३ मध्ये सोफोसबुविर आलं, आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांत रोगी कायमचा बरा. बरं करणारं औषध विकूनही कंपनीने रग्गड कमावलं, सुरुवातीला अमेरिकेत एका गोळीला १,००० डॉलर लावले. पैसा मिळवायला रोगी आजारी ठेवावाच लागतो असं काही नाही.

फरक विषाणूत आहे. हिपॅटायटिस सी स्वतःची डीएनए प्रत काढत नाही, गुणसूत्रात शिवत नाही. त्याचं उत्पादन थांबवलं की संपला. सूक्ष्मदर्शीताई, चूक असेल तर सांगा.

आणि एचआयव्हीच्या गोळ्यांवर कंपन्या किती कमावतात याचं म्हणाल, तर २००१ साली मुंबईच्या सिप्लाने तीन औषधं मिळून दिवसाला एक डॉलरच्या आत देऊ केली आणि बाजार उलटापालटा झाला. आपल्याकडे २००४ पासून सरकार फुकट देतंय.

---

सूक्ष्मदर्शी | शनिवार, संध्या. ७.५२

+१, काही चूक नाही.

---

अनामिक_४७ | शनिवार, रात्री १०.४०

ताई, माझ्या प्रश्नावर आख्खा धागा काढलात. दोनदा वाचला.

आता माझी चूक सांगतो. गोळ्या सुरू करून दीड वर्ष झालं होतं, रिपोर्ट चांगला होता. गावाकडचा एक वैद्य म्हणाला, रक्त शुद्ध झालंय, आता हा काढा घे आणि त्या गरम गोळ्या सोड. सोडल्या. पहिला महिना इतकं छान वाटलं की विचारू नका. स्वप्नं पडायची थांबली, चक्कर थांबली. पाचव्या महिन्यात तोंडात पांढरा थर आला, वजन उतरलं. एआरटी सेंटरला परत गेलो तेव्हा व्हायरल लोड लाखाच्या वर. सिस्टर ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मला तेव्हा वाटलं होतं, काढा कमी पडला. आज कळतंय की संपलेलं काही नव्हतंच.

---

कृष्णाकाठची | शनिवार, रात्री ११.१५

दादा, तुमच्यासारखे किती जण आमच्यासमोर येऊन बसतात सांगू. मी समुपदेशक आहे, बरीच वर्षं एआरटी सेंटरला. गोळ्या सोडणाऱ्यांत 'मला आता बरं वाटतंय' म्हणून सोडणारेच जास्त. आणि सुरुवातीला जे छान वाटतं ते खरंच असतं, जुन्या गोळ्यांचे साइड इफेक्ट जातात ना.

काढ्याचं म्हणाल, तर औषधांच्या नियमांत 'जे' नावाचं एक परिशिष्ट आहे. त्यात नावं असलेले आजार बरे करण्याचा दावा कुठल्याच औषधाला करता येत नाही, आणि त्या यादीत एड्स आहे. पण गावात येऊन नियम दाखवणार कोण?

मध्ये मध्ये सुट्टी घेऊन बघण्याचा प्रयोग डॉक्टरांनीही केलाय. स्मार्ट नावाची मोठी चाचणी होती, ५,४७२ माणसं. निम्म्यांच्या गोळ्या चालूच, निम्म्यांच्या सीडी फोर पेशींचा आकडा बघून बंद-चालू. बंद-चालूवाल्यांत गंभीर आजार आणि मृत्यू मिळून धोका अडीच पटींहून जास्त निघाला आणि २००६ मध्ये ती थांबवावी लागली. मी ही गोष्ट प्रत्येकाला सांगते.

दुसरं, साठा आहे हे वाचून कुणी घाबरू नका. साठा आहे म्हणजे तुमच्याकडून जोडीदाराला लागण होणार असं मुळीच नाही. प्लाझ्मात विषाणू सापडत नसेल आणि गोळ्या चालू असतील तर शरीरसंबंधातून तो जात नाही. एचपीटीएन ०५२ चाचणीत एकाला लागण आहे, एकाला नाही अशी १,७६३ जोडपी होती, त्यांतली काही आपल्या पुण्यातली. २०११ मध्ये निकाल आला, लवकर गोळ्या सुरू केलेल्या गटात जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी. नंतर युरोपात पार्टनर अभ्यास झाला. निरोध न वापरता ५८,००० वेळा संबंध, आणि विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून लागण शून्य. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सेंटरमध्ये बायका पदराआडून हेच विचारतात.

---

न्यूजर्सीकर | रविवार, पहाटे ४.३०

पण बर्लिन पेशंट तर बरा झाला होता ना? तेव्हा बातम्या वाचल्या होत्या. मग तोच इलाज सगळ्यांना का देत नाहीत?

---

सूक्ष्मदर्शी | रविवार, सकाळी ९.१०

बरा झाला होता, खराखुरा. टिमोथी रे ब्राऊन. त्याला ल्युकेमियाही होता, त्यासाठी बर्लिनमध्ये २००७ आणि २००८ मध्ये दोनदा दुसऱ्याच्या मूळपेशींचं रोपण झालं. डॉक्टर गेरो ह्यूटर यांनी दाता शोधताना मुद्दाम असा निवडला की ज्याच्या पेशींवर सीसीआर-फाइव्ह हे दारच नाही. एचआयव्ही बहुधा याच दारातून आत येतो. उत्तर युरोपात शंभरात एखाद्याला हा बदल आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेला असतो. आपल्याकडे तो जवळपास नाहीच. ब्राऊन २०२० मध्ये गेला तो ल्युकेमिया उलटल्यामुळे. एचआयव्ही शेवटपर्यंत परतला नव्हता.

नंतर लंडनचा ऍडम कास्टिलेहो, मग ड्युसेलडोर्फचा एक. सगळे मिळून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. हा इलाज सगळ्यांना देत नाहीत कारण अशा रोपणात जिवाला मोठा धोका असतो. आधी स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी जाळावी लागते. ज्याला कर्करोगासाठी रोपण करावंच लागणार आहे त्याच्यासाठी ठीक. दिवसाला एका गोळीवर व्यवस्थित जगणाऱ्याला कोण ढकलेल त्यात?

पण मला ब्राऊनपेक्षा बॉस्टनचे दोघे जास्त शिकवून गेले. त्यांचंही रोपण झालं होतं, पण दाते नेहमीचे, दार शाबूत असलेले. रोपणानंतर कितीही शोधलं तरी साठा सापडेना. मग गोळ्या थांबवल्या. एकाला १२ आठवड्यांनी, दुसऱ्याला ३२ आठवड्यांनी विषाणू परत आला. आजची कुठलीही तपासणी 'सापडला नाही' इतकंच सांगू शकते. 'नाही' असं सांगणारी तपासणी अजून निघालेली नाही.

आता कोडं बघा. जिनिव्हाच्या एका पेशंटचा दाताही नेहमीचाच होता. त्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये गोळ्या थांबवल्या आणि अडीच वर्षांहून जास्त काळ विषाणू परतला नसल्याचं २०२४ मध्ये छापून आलं. कदाचित नव्या दात्याच्या पेशींनी जुन्या पेशी, साठ्यातल्या धरून, परक्या समजून खाऊन टाकल्या असाव्यात. बॉस्टनमध्येही तेच घडलं असणार, फक्त एखादी गाठ राहिली.

---

कृष्णाकाठची | रविवार, सकाळी ९.५५

बाळांचं सांगा ना. जन्मल्या जन्मल्या औषध दिलं तर साठा बनायच्या आधीच थांबेल, असं एका डॉक्टरांच्या व्याख्यानात ऐकलं होतं.

---

सूक्ष्मदर्शी | रविवार, सकाळी १०.२०

ताई, त्या आशेला मिसिसिपीच्या बाळाने जन्म दिला आणि त्यानेच ती मोडली. २०१० मध्ये जन्मलेली मुलगी, ३० तासांची असताना उपचार सुरू. दीड वर्षाची झाल्यावर आई तिला आणेनाशी झाली, औषध बंद पडलं. परत आणली तेव्हा विषाणू सापडेना. जगभर मथळे झाले. औषधाशिवाय २७ महिने गेले आणि जुलै २०१४ मध्ये विषाणू परत आला. सव्वादोन वर्षं एखादी पेशी झोपून राहिली होती.

त्याच वर्षी माकडांवरचा प्रयोग छापून आला. माकडांच्या एसआयव्हीची (एचआयव्हीचाच भाऊबंद) लागण करून तिसऱ्या दिवशी औषध सुरू केलं, रक्तात विषाणू दिसायच्याही आधी. औषध थांबवल्यावर सगळ्या माकडांत तो परतला. म्हणजे साठा तीन दिवसांच्या आत बनतो. तरीही बाळाला लवकर औषध द्यायचंच. साठा लहान राहतो आणि मुख्य म्हणजे बाळ जगतं.

साठा इतक्या लवकर बनत असला तरी त्यात टिकून राहतं ते वेगळंच. दक्षिण आफ्रिकेतल्या स्त्रियांच्या साठ्यातल्या विषाणूंची वंशावळ लावली (आपल्याकडे चालतो तोच सी उपप्रकार), तेव्हा बहुतेक विषाणू उपचार सुरू होण्याच्या आधीच्या वर्षातले निघाले. आधीच्या वर्षांतले साठे रिकामे होत होते, नवे भरत होते. औषध सुरू झाल्यावर शरीरातली धामधूम शमते, पेशींना विसावा मिळतो आणि त्या वेळी जे आत असतं तेच मुरतं. औषधानेच साठा मुरायला मदत होते हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून चहा करायला गेले होते.

---

उंबर | रविवार, दुपारी १२.३०

मग झोपलेल्यांना उठवून का मारत नाहीत? बांधावरून भाऊ, तुम्ही पाणी देऊन कोंब काढता आणि मग तणनाशक मारता ना?

---

बांधावरून | रविवार, दुपारी १२.४४

मारतो. एका वर्षात सगळे कोंब येत नाहीत हे वर सांगितलंच.

---

सूक्ष्मदर्शी | रविवार, दुपारी १.३०

अगदी हेच करून बघितलंय. व्होरिनोस्टॅट हे कर्करोगाचं औषध, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरची गुंडाळी सैल करतं. २०१२ मध्ये गोळ्या चालू असलेल्या आठ जणांना दिलं. झोपलेल्या पेशींत विषाणूचा आरएनए वाढला, म्हणजे हालचाल झाली. पण नंतरच्या चाचण्यांत साठा काही घटला नाही. अर्धवट जागी झालेली पेशी आपली आपण मरत नाही, आणि तिला मारणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं काम नसल्याने मंदावलेल्या असतात. शिवाय लसिका गाठींच्या आत काही कोपरे असे आहेत की जिथे मारेकरी पेशी फारशा फिरकतच नाहीत.

आता दोन्ही टोकांनी प्रयत्न चालू आहेत. काही जण म्हणतात, उठवू नका, कायमचं झोपवा. ही कल्पना हवेतली नाही. काही माणसं औषधाशिवाय विषाणू दाबून ठेवतात. २०२० मध्ये त्यांच्या पेशी तपासल्या तर साबूत विषाणू बहुतेक करून गुणसूत्राच्या अशा ओसाड भागात सापडले की जिथलं काही वाचलंच जात नाही. बाकीचे मारले गेले आणि हे उरले. पडीक जमिनीतली गाठ म्हणा. दुसरीकडे मेलबर्नच्या गटाने २०२५ मध्ये मेदाच्या सूक्ष्म थेंबांतून टॅटचाच एमआरएनए झोपलेल्या पेशींत पोचवून विषाणू जागवून दाखवला. मी फुंकणीचं म्हणाले होते ना, ती बाहेरून नेऊन दिली. पण हे सगळं काचेच्या बशीत, पेशंटच्या काढून घेतलेल्या पेशींवर. माणसाला द्यायला अजून अवकाश आहे.

---

अनामिक_४७ | रविवार, रात्री ८.१५

ताई, शेवटचं विचारतो. मधे एकदा माझा लोड ६४ आला होता. एकही गोळी चुकलेली नव्हती, देवाशपथ. सेंटरमध्ये कुणाला पटेना. तीन महिने गोळ्या मोजून घेतल्या माझ्याकडून. पुढच्या वेळी परत टीएनडी. तेव्हा काय झालं असेल?

---

सूक्ष्मदर्शी | रविवार, रात्री ९.०५

तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही. पण न चुकवताही असं होऊ शकतं हे नक्की. साठ्यातली एखादी पेशी सतत कुठे ना कुठे जागी होत असते, दोन-चार दिवस विषाणू सोडते आणि मरते. ते कण पुढच्या पेशीला लागू शकत नाहीत, गोळ्या आडव्या येतात. पण नेमक्या त्या दिवशी रक्त घेतलं तर आकडा दिसतो. काही लोकांत तर मोठी माळ झालेल्या एकाच घराण्यातल्या पेशी महिनोन्महिने थोडा थोडा विषाणू सोडत राहतात आणि लोड ५० च्या वर अडकून बसतो. अशा लोकांच्या रक्तातले विषाणू वाचले, तर अक्षरन् अक्षर सारखे आणि औषधाला दाद देणारेच निघाले. गोळ्या चुकवणाऱ्याच्या रक्तात विषाणू नव्याने वाढतो, बदलत जातो. इथे तसा बदल नाही. हे आता छापून आलेलं आहे, पण प्रत्येक सेंटरपर्यंत पोचलं असेलच असं नाही.

---

कृष्णाकाठची | रविवार, रात्री ९.२०

नाही पोचलेलं. मीही आजवर अशा लोकांना 'खरं सांगा' म्हणत आले. उद्या सेंटरला गेल्यावर डॉक्टरांशी बोलते.

---

न्यूजर्सीकर | सोमवार, पहाटे ५.००

ते ७३ वर्षांचं गणित अजून तसंच धरायचं का? नव्या औषधांनी निम्मं होण्याचा वेग वाढला असेल ना?

---

सूक्ष्मदर्शी | सोमवार, सकाळी ८.४०

नाही वाढला. नवी औषधं अंगाला सोसतात, सहा महिन्यांतून एकदा टोचायचं लेनाकॅपाविरसारखं इंजेक्शनही आलंय, पण झोपलेल्या पेशीशी त्यांचाही संबंध नाही.

उलट २० वर्षांहून जास्त काळ सलग औषधं घेतलेल्या लोकांचा साठा सिलिसियानोंच्याच प्रयोगशाळेने पुन्हा मोजला, २०२३ मध्ये छापलं. सुरुवातीची वर्षं तो घटला होता, मग घट थांबली, आणि वीस वर्षांनंतर हळूहळू वाढताना दिसला. एकेकट्या पेशी मरून गेल्या होत्या. उरल्या होत्या त्या माळा.

---

बांधावरून | सोमवार, सकाळी ९.१२

आमच्या आजोबांच्या वेळेपासून त्याच वावरात लव्हाळा आहे. ऊसही आहे.